आईबाबांना घेऊन फोर्ट कोची: बंदरावरच्या जुन्या इमारतीतल्या हॉटेलात उतरावं का?

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी,

बाबांनी मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हयात काढली, तीही इंदिरा डॉकच्या शेडमध्ये. अजूनही गेटवेला नेलं की ताजकडे पाठ करून उभे राहतात आणि समोर कुठली बोट नांगर टाकून आहे ते आम्हाला ऐकवतात. डिसेंबरअखेर दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. भावाने मुन्नार-ठेकडीचं पॅकेज काढलं होतं, ते बाबांनी एका वाक्यात उडवलं: "डोंगर नको, बंदर दाखवा." म्हणून तीन रात्री फोर्ट कोची, असं ठरतंय.

आता घोळ हॉटेलचा. पाण्याकाठी जुन्या इमारती दुरुस्त करून केलेली लहान हॉटेलं बरीच दिसतात. फोटो बघून जीव अडकतो, पण प्रत्येकाच्या माहितीत "डच काळातली", "शेकडो वर्षांची" हे आहेच. खरं किती धरायचं? दुसरं म्हणजे आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. तिसरं, बंदर दिसणारी खोली घेतली तर भाडं जवळजवळ दीडपट. ते द्यावं का? आई पूर्ण शाकाहारी आहे, हेही सांगून ठेवते. तारखा २९ डिसेंबर ते १ जानेवारी.

कोणी राहून आलं असेल तर प्लीज लिहा. यूट्यूबवाल्यांवर विश्वास नाही राहिला.

---

राजू_पनवेलकर

ताई, सरळ एर्नाकुलमला मरीन ड्राइव्हवर नवं हॉटेल घ्या. लिफ्ट, गरम पाणी, गाडी दारात. फोर्ट कोची दिवसा जाऊन बघायची जागा. जुन्या इमारतीत राहायची हौस आमच्या हिने एकदा भागवून घेतली, रात्रभर जिना वाजत होता आणि सकाळी चहा यायला पाऊण तास.

---

चुनेवाली

मीनल, माझा धंदाच जुने वाडे दुरुस्त करायचा. वाई-सातारा भागात चुना, माती आणि सागवान यांतच दिवस जातो, त्यामुळे सुट्टीवर गेले तरी हॉटेलची भिंत आधी बघते आणि गादी नंतर. फोर्ट कोचीत वेगवेगळ्या जुन्या घरांत राहून झालंय, म्हणून जरा हात मोकळा सोडते.

आधी "शेकडो वर्षं" या भानगडीबद्दल. कोचीचा किल्ला पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये बांधला, १६६३ मध्ये डचांनी गाव घेतलं, १७९५ मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी पुढे किल्ल्याचा बराचसा भाग पाडून टाकला. त्यात भर म्हणून १८८९ च्या जानेवारीत पेटलेलं जहाज काठाला लागलं आणि पाण्याकाठच्या वखारी, घरं जळाली. त्यामुळे तिथल्या जुन्या इमारतीत पाया एकाचा, भिंती दुसऱ्याच्या आणि माडी तिसऱ्याची हे नेहमीचं. त्यात फसवणूक काही नाही, आपल्याकडच्या वाड्यांचंही हेच असतं. फक्त "अख्खी इमारत तीनशे वर्षांची" असं कोणी छातीठोक सांगितलं की हसून मान डोलवायची. सरकारी "हेरिटेज हॉटेल" हा दर्जा तर १९५० च्या आधीच्या वास्तूलाही मिळू शकतो, म्हणजे तुझ्या बाबांच्या पिढीची इमारतही त्यात बसते.

नावं घ्यायची तर टॉवर रोडवर, चिनी जाळ्यांच्या (काठावरून पाण्यात सोडायची मासेमारीची मोठी जाळी) अगदी समोर, ओल्ड हार्बर हॉटेल आहे. जुनी वास्तू, दुरुस्ती मन लावून केलेली, आणि बाग. त्याच भागात लाल रंगाचं कोडर हाउस, कोचीन इलेक्ट्रिक कंपनी चालवणाऱ्या ज्यू घराण्याचं. आणि खऱ्या अर्थाने जुनं हवं असेल तर पलीकडे बेटावर बोळगट्टी पॅलेस: डचांनी १७४४ मध्ये बांधला, १९०९ मध्ये इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने गेला, रेसिडेंटचा, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीचा, बंगला झाला आणि आता केरळ पर्यटन महामंडळ चालवतं. तो मात्र फोर्ट कोचीत नाही, हे लक्षात ठेव. रोज ये-जा करावी लागेल.

आता तुझा मुख्य प्रश्न. मी हॉटेल निवडत नाही, खोली निवडते. जुन्या इमारतीत दोन खोल्या सारख्या नसतात. एकीत तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत), उंची भरपूर, मधल्या चौकाचा वारा. दुसरी कधीकाळी कोठीची खोली असते, तिला खिडकी म्हणून झरोका. भाडं दोन्हींचं एकच. बुकिंग करताना "डिलक्स", "हेरिटेज रूम" असल्या नावांवर जाऊ नको. फोन कर, खोलीचा नंबर घे आणि त्याच नंबरच्या खोलीचे फोटो मागव. बाथरूमचाही.

बाथरूमचं का म्हणते ते सांगते, कारण आईच्या गुडघ्याशी त्याचाच संबंध आहे. जुन्या घरात खोलीला लागून संडास-न्हाणी नसायची. आता ती घालायची तर पाइप कुठून न्यायचे? जुनी फरसबंदी फोडायची नसते आणि माडीवर लाकडी तुळयांना हात लावता येत नाही. मग काय करतात, बाथरूमची जमीनच वर उचलतात आणि खालून पाइप घालतात. म्हणून जुन्या इमारतीतल्या हॉटेलात बाथरूमच्या दाराशी हमखास एक पायरी येते, सहा-सात इंचांची, कधी त्याहून जास्त. वर जुनाच दगडी उंबरा ठेवलेला असला तर दोन वेळा पाय उचलायचा. रात्री अंधारात, ओल्या पावलांनी, आधाराला कठडा नाही. जिन्यापेक्षा ही पायरी वाईट, कारण जिन्याला माणूस सांभाळून पाय टाकतो. म्हणून "लिफ्ट आहे का" याच्या आधी "बाथरूमला पायरी किती उंच आहे" हे विचार. उत्तर देता आलं नाही तर त्यांना पट्टी घेऊन मोजायला सांग, संकोच करू नको.

दुसरी गोष्ट ओल. तिथलं बांधकाम बरंचसं जांभ्याचं, आपल्या रत्नागिरीसारखंच. जांभा पाणी पितो आणि सोडतो. वरून चुन्याचा गिलावा असेल तर भिंत श्वास घेते, ओल बाहेर निघून जाते. पण घाईची दुरुस्ती झाली असेल तर वरून सिमेंट फासतात. ओल आत कोंडते, मग गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा (क्षाराची पांढरी भुकटी) लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खोलीत शिरलं की बंद कपाटाचा वास येतो. फोटोत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे नेमकं टेबल सरकवलेलं असतं. मी एकदा खुर्ची बाजूला केली आणि बोटाने टोकरलं, तर पांढरी भुकटी हाताला. दमा-बिमा असेल कोणाला, तर गेल्या गेल्या खालच्या भागाला हात लावून बघ आणि गार-चिकट लागलं तर तिथल्या तिथे खोली बदलून माग. देतात.

बंदर दिसणारी खोली: तुझ्या जागी मी दीडपट देणार नाही. एका ठिकाणी (नाव नाही लिहीत) मी असे पैसे मोजले होते. खिडकी मोठी, सागवानी झडपांची, देखणी. पण झडपा फुगलेल्या, पूर्ण मिटतच नव्हत्या. समोर पलीकडच्या वायपीन बेटावर गाड्या-माणसं नेणाऱ्या रो-रो बोटीचे भोंगे, खाली रिक्षा आणि मासळीचे टेम्पो. मॅनेजरला सांगितलं तर म्हणे "मॅडम, हेरिटेज आहे." जणू बिजागरीला तेल घातलं की इतिहास पुसला जातो!

तळमजल्यावरची, चौकाकडे किंवा बागेकडे तोंड असलेली खोली घे. आईला जिना नाही, रात्री झोप लागेल. आणि बंदर? ते दाराबाहेर आहे. रिव्हर रोडवर दोन मिनिटं चाललं की जाळी आणि पाणी. बाबांना खोलीतून काचेआडून जहाज बघायचंय की काठावर उभं राहून, हे त्यांनाच विचार.

---

मीनल_ठाणे

चुनेवाली, किती छान लिहिलंत! बाथरूमच्या पायरीचं डोक्यातसुद्धा नव्हतं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "ही बाई शहाणी आहे." बाबा म्हणाले, खोलीतून कशाला बघू, मी काय राज्यपाल आहे?

पण तिथून नक्की काय दिसतं? नुसत्या मच्छीमारी होड्या की मोठी जहाजंही? ते पुन्हा पुन्हा हेच विचारताहेत.

---

धक्क्यावरची_वहिनी

याचं उत्तर माझ्याकडे. हे नौदलात, त्यामुळे सदर्न कमांडच्या कृपेने कोचीत संसार झाला.

बाबांना सांगा, निवांत राहा. कोचीच्या बंदराचं तोंड म्हणजे फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामधली चिंचोळी खाडी. आत-बाहेर जायला मोठ्या जहाजांना दुसरी वाटच नाही. वलारपाडमच्या टर्मिनलला येणारी कंटेनर जहाजं, विलिंग्डन बेटावर लागणाऱ्या क्रूझ बोटी, लक्षद्वीपची प्रवासी जहाजं, तटरक्षक दल, नौदल, सगळं तुमच्या समोरून जातं. आयएनएस विक्रांत कोचीन शिपयार्डमध्ये बांधली, तीही याच तोंडातून समुद्रात गेली. काठावर उभं राहिलं तर जहाजाचं नाव डोळ्यांनी वाचता येतं, पुढे टग (जहाज ओढणारी बोट), बाजूला वाट दाखवणाऱ्या पायलटची बोट. चिनी जाळ्यांच्या मागून कंटेनरची भिंत सरकत जाते तेव्हा लहान मुलंही खेळ थांबवतात.

बाबांच्या कामाची आणखी एक गोष्ट. पूर्वी तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकायची. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंजिनिअर १९२० मध्ये आला, त्याने गाळ काढून खोल वाट केली आणि त्याच गाळाच्या भरावातून विलिंग्डन बेट उभं राहिलं. आतल्या बंदरात पहिलं जहाज आलं ते १९२८ च्या मे महिन्यात, "पद्मा" नावाचं. आणि ते आलं होतं मुंबईहून.

तारखांबद्दल मात्र स्पष्टच सांगते: ३१ डिसेंबर टाळा. त्या रात्री फोर्ट कोचीत पप्पांजीचा (सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा) भलामोठा पुतळा जाळतात, कार्निव्हल असतो, आणि गर्दी इतकी की रस्ते बंद, होड्यांना रांगा, रिक्षा नाही. तरुण पोरांना ठीक. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला घेऊन त्यात अडकलात तर हॉटेल दोनशे पावलांवर असूनही पोचता येणार नाही. भाडीही त्याच आठवड्यात चढलेली. ज्या वर्षी बिनाले (मोठं कलाप्रदर्शन) असतं त्या वर्षी तर डिसेंबरपासूनच खोल्या मिळत नाहीत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जा. लग्नाचा वाढदिवस थोडा उशिरा साजरा झाला तर काही बिघडत नाही.

जेवणाचं: शेजारच्या मट्टांचेरीत गुजराती रोड आहे, नावाप्रमाणेच पिढ्यान्‌पिढ्या गुजराती राहतात. आईंची शाकाहारी सोय तिथे होईल. बाबा मासे खात असतील तर जाळ्यांजवळच्या विक्रेत्यांकडून घ्यायचे आणि शेजारीच भाजून घ्यायचे. भाव आधी ठरवा, घासाघीस चालते.

---

वास्तुशास्त्री_नाही_वास्तुविशारद

सगळ्यांनी ब्रन्टन बोटयार्डचं नाव गाळलं हे बरं केलं. जुन्या बोटयार्डाच्या जागेवर नव्याने बांधलेली इमारत आहे ती, जुन्या कपड्यातली. जिथे जुनं शिल्लक आहे तिथे पैसे द्यावेत, नक्कल करणाऱ्याला का द्यायचे?

---

चुनेवाली

गाळलं नव्हतं, राहून गेलं. आणि तुमच्याशी अर्धीच सहमत. कॅलवती रोडवर जॉर्ज ब्रन्टनचं बोटयार्ड होतं, त्या जागी हे नव्याने उभं केलं, आणि ते तसं लपवतही नाहीत. नव्या बांधकामात पाइपसाठी आधीच जागा सोडता येते, त्यामुळे जमीन एका पातळीत ठेवता येते. खोल्यांची तोंडं बंदराकडे. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी ते यादीत ठेवेन. तिथेही पायरीचं विचारायचंच, ते सुटत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्या प्रकाराचा. खरी जुनी इमारत, आतला लाकडी जिना उपटून मार्बल घातलेला, तक्तपोशीखाली पीओपीचं छत, मग त्यात पिवळे दिवे, आणि बाहेर पाटी "हेरिटेज". असल्या ठिकाणी जुन्याचा त्रास सगळा आणि मजा शून्य. माझ्या गावी घाटावरच्या एका वाड्याची अशीच वाट लावली गेली. असो, विषय कोचीचा आहे.

---

शेणॉय_मुलुंड

मी मराठी शाळेत शिकलेला कोकणी. काकींना मट्टांचेरीत नेताय तर चेरळाईचं तिरुमल देवस्थानही दाखवा. गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून निघालेले आमचे लोक तिथे स्थिरावले, देवळाच्या आवारात कोकणी सहज कानावर पडते. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर "हॉर्तुस मलबारिकुस" हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, १६७८ पासून पुढे आम्स्टरडॅमला छापला. त्याला माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांनी लिहून दिलेला दाखला ग्रंथात नागरी लिपीत छापलेला आहे. डच कोची म्हणून पाट्या लावणाऱ्या हॉटेलांत या तिघांचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

देवळात कपड्यांचे नियम कडक असतात, काकांनी मुंडू (लुंगीसारखं पांढरं वस्त्र) नेसावी.

---

मीनल_ठाणे

अरे वा, हे कुठल्या कुठे गेलं! खूप आभार. आत्ताची स्थिती: तारखा ढकलल्या, ११ ते १४ जानेवारी. नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याहून पकडायची, कारण बाबांना विमानातून कोकण दिसत नाही म्हणे. दोन हॉटेलांना फोन केले. पहिल्याने बाथरूमच्या पायरीवर "नो प्रॉब्लेम मॅडम, व्हेरी स्मॉल" इतकंच सांगितलं. दुसऱ्याने खरंच मोजून फोटो पाठवला, साडेचार इंच, शेजारी स्टीलचा कठडा. तळमजला, बागेकडे. तेच घेतेय.

दोन शेवटचे प्रश्न. एर्नाकुलम जंक्शनहून फोर्ट कोचीला टॅक्सी की पाण्याने? आणि मट्टांचेरीतली ज्यू लोकांची प्रार्थनास्थळाची इमारत मला बघायचीच आहे, वेळा काय?

---

धक्क्यावरची_वहिनी

सामान आणि गुडघे असताना पहिल्या दिवशी टॅक्सीच. नंतर एक दिवस बाबांना घेऊन वॉटर मेट्रोने एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्याला जा आणि तशाच परत या. बोट एसी आहे, आणि बोट धक्क्याच्या पातळीला राहावी म्हणून तरंगते धक्के केलेत, त्यामुळे आईंनाही चढता येईल. जुन्या सरकारी फेरीला अजून मजा आहे, पण तिथे उडी मारून चढावं लागतं, ती बाबांपुरती ठेवा.

परदेसी सिनेगॉग १५६८ चं आहे, शुक्रवार-शनिवार पर्यटकांना बंद. तुमची १४ तारीख कुठल्या वारी येते ते बघून ठेवा. आत जाताना पादत्राणं काढायची आहेत, खाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, थंड लागतात. आईंना मोजे घालू द्या, पण सुळसुळीत नकोत. तिथून डच पॅलेस चालत पाच मिनिटं. नाव डच असलं तरी तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला, डचांनी नंतर दुरुस्त केला. भित्तिचित्रं वरच्या मजल्यावर आहेत, जिना चढावा लागतो, आईंना आधी विचारा.

आणि डास. फोटोत बाग सुंदर दिसते तिथे संध्याकाळी सहानंतर डासच मालक असतात. मच्छरदाणी आहे का ते विचारा, नसेल तर ओडोमॉस ठाण्याहूनच न्या.

---

राजू_पनवेलकर

म्हणजे माझं मरीन ड्राइव्ह बाद झालं म्हणायचं. बरं, नेत्रावतीत रत्नागिरी गेल्यावर जेवण मागवा, पनवेलला नको. एवढा तरी सल्ला घ्या माझा.